हाक न ऐकणारा मोत्या

ज्या घरांत एके काळी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्या वाजल्या, त्या घरांतील लहानथोरांना ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर मान किंचित कलती करून बसलेला तो पांढरा, काळ्या कानांचा कुत्रा विसरता येणे कठीण आहे. आमच्या इसामिया बाजारातील जुन्या घरी नाट्यपदांच्या तबकड्यांनी भरलेली एक पेटी होती. तबकडी फिरू लागली की तो कुत्राही फिरू लागे आणि आम्हा मुलांचे लक्ष गाण्यापेक्षा त्याच्याकडेच अधिक असे. त्याचे नाव निपर होते, हे पुष्कळ पुढे वाचनात आले.

निपर १८८४ साली इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी जन्मला आणि १८९५ साली वारला. त्याच्या मृत्यूनंतर फ्रान्सिस बॅरॉ या चित्रकाराने आठवणीतून ते चित्र काढले. मूळ चित्रात ग्रामोफोन नव्हताच; मेणाच्या नळीवर चालणारा फोनोग्राफ होता. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेण्याचे ठरविले तेव्हा फोनोग्राफ पुसून त्या जागी आपले यंत्र रंगवून घेतले. निपर नेमका कोणत्या जातीचा याविषयी जाणकारांत एकवाक्यता नाही. तो टेरियर होता आणि त्याच्या अंगात थोडे बुल टेरियरचे रक्त असावे, असे पुष्कळजण मानतात.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, २०२३ च्या जानेवारीत आमच्या घरी अस्सल बुल टेरियर जातीचे एक पिल्लू आले. मालकाच्या आवाजासाठी जगभर प्रसिद्धी पावलेल्या कुत्र्याचा हा दूरचा भाऊबंद. परंतु याला मालकाचा आवाज कधीच ऐकू आला नाही. आणि ही गोष्ट ध्यानी येण्यास आम्हा शहाण्यासुरत्या माणसांना पंधरा महिने लागले. त्या पंधरा महिन्यांत आमच्या हातून जे घडले ते सांगितल्यावाचून या जातीविषयी दोन शब्द लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही.

या कुत्र्याचे कूळ फारसे सोज्ज्वळ नाही, हे आधी मान्य करतो. बांधून घातलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ इंग्लंडात शतकानुशतके चालत असे. १८३५ साली कायद्याने तो बंद झाला, तेव्हा शौकिनांनी कुत्र्याकुत्र्यांच्या झुंजी चोरून लावण्यास आरंभ केला. त्यासाठी बुलडॉगचे बळ आणि टेरियरची चपळाई एकत्र आणून एक संकर तयार करण्यात आला. पुढे बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स नावाच्या गृहस्थाने १८६० च्या सुमारास त्या ओबडधोबड संकरात पांढरा इंग्लिश टेरियर आणि ठिपक्यांचा डाल्मेशियन यांचे रक्त मिसळून शुभ्र, देखणा, सभ्य माणसाच्या बरोबरीने रस्त्यातून मिरवावा असा कुत्रा निर्माण केला. तोच बुल टेरियर. १८८७ साली इंग्लंडात त्याच्या चाहत्यांचे मंडळही स्थापन झाले. हिंक्सच्या पांढऱ्या रंगाच्या हौसेची किंमत कोणाला मोजावी लागली, ते पुढे येईलच.

इंग्रजांच्या लष्कराबरोबर हा कुत्रा हिंदुस्थानातही आला. किपलिंगने १८९९ साली लिहिलेल्या एका कथेत येथील एका गोऱ्या शिपायाचा बुल टेरियर आहे. शिपाई तो दुसऱ्याच्या स्वाधीन करतो आणि मालकाच्या विरहाने कुत्रा खंगत जातो. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सेनापती पॅटन यांचा विली हाही याच जातीचा. १९४५ च्या डिसेंबरात पॅटन अपघाताने निधन पावले, तेव्हा त्यांच्या बांधून ठेवलेल्या सामानापाशी विली खिन्नपणे पडून असलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. झुंजीसाठी घडविलेल्या जातीचे हे दुसरे अंग. माणसावाचून याला करमत नाही.

आमच्याकडे तो आला तो योजून आणलेला नव्हे. आमच्या चिरंजीवांचे एक स्नेही सिकंदराबादेहून परदेशी जावयास निघाले. नुकतेच आणलेले दोन महिन्यांचे पिल्लू कोठे ठेवावे हा त्यांना प्रश्न पडला, आणि चिरंजीवांनी घरी कोणास न विचारता ते खिशात घालावे तसे घेऊन आले. आमच्या मातोश्रींचे वय तेव्हा शहाऐंशीचे. त्यांनी स्पष्ट सांगितले, “दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री असतात हे मलाही ठाऊक आहे. पण ती पायाशी असतात, स्वयंपाकघरात नव्हे.” बरकतपुऱ्यातील तीन खोल्यांच्या सदनिकेत पायाशी आणि स्वयंपाकघरात यांत अंतर ते कितीसे असणार! तथापि अंगभर पांढरे, नखभरही डाग नसलेले ते पिल्लू पाहून नाव त्यांनीच ठेवले : मोत्या.

ज्यांनी हा कुत्रा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. इतर कुत्र्यांच्या कपाळावरून नाकाकडे येताना डोळ्यांपाशी जी खाच असते ती याला नसते. डोके अंड्यासारखे, माथ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एकच उतार. डोळे बारीक, तिरपे, तिकोनी. छाती रुंद, अंग पिळदार, केस आखूड आणि राठ. पुरे वाढलेले जनावर पंचवीस-तीस किलोंचे भरते. प्रथमदर्शनी माणूस दचकतो, आणि दोन दिवस सहवास घडला की हसू लागतो. कारण या भयंकर दिसणाऱ्या प्राण्याचा स्वभाव तमाशातील सोंगाड्याचा आहे. संध्याकाळच्या वेळी अंगात काही संचारल्याप्रमाणे तो पाठ वाकवून, शेपूट खाली घालून घरभर धावत सुटतो. वाटेत खुर्ची आली तर खुर्ची, माणूस आले तर माणूस आडवे होते. दोन मिनिटांत वारे उतरते आणि स्वारी काहीच न घडल्यासारखी कोणाच्या तरी पायांवर सगळा भार टाकून बसते. याला अंगाला अंग लागलेले हवे असते. एकटा कोंडून ठेवला तर दार, उशी, पादत्राणे यांपैकी काही शिल्लक राहत नाही.

ही जात हट्टी आहे, असे सर्व पुस्तकांत लिहिलेले असते. आमचा घात केला तो या एका शब्दाने. मोत्याला हाक मारली तर तो येत नसे. ‘बस’ म्हटले तर बसत नसे. मनात आले की मात्र धावत येऊन अंगावर पडे. आम्ही म्हणालो, हट्टी आहे, जातच तशी. दुरून जाणता सल्ला देणारांची उणीव नसतेच. एकाने सांगितले की अशा कुत्र्याला आरंभीच जरब बसवली नाही तर तो डोक्यावर बसतो. तेव्हा आम्ही वर्तमानपत्राची सुरळी हाती घेतली. हाक मारावी, तो आला नाही की जवळ जाऊन पाठीवर एक फटका द्यावा, असा क्रम कित्येक आठवडे चालला. तो बिचारा दचकून मागे पाही आणि मग शेपूट हलवी. आपणास कशाबद्दल मार मिळाला याचा त्याला पत्ता लागणे शक्यच नव्हते. एक मात्र तो शिकला. मागून येणारा हात मारण्यासाठी येतो, हे त्याने मनाशी पक्के केले. ही आम्ही दिलेली शिकवण पुढे आमच्याच अंगावर आली.

त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरात होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे खालच्या गल्लीत कोणी लक्ष्मीबॉम्बची माळ लावली. रस्त्यावरची कुत्री शेपट्या पोटाशी घेऊन पळाली. समोरच्या घरातील लॅब्रेडोर पलंगाखाली शिरला तो दुपारपर्यंत बाहेर आला नाही. आमचा मोत्या दिवाणखान्याच्या मध्यभागी चारी पाय वर करून घोरत होता. त्याचे धैर्य आम्ही आल्यागेल्यास फराळाबरोबर वाढले. “लढाऊ रक्त हो! तोफेलाही भिणार नाही.” आज हे वाक्य आठवले की मान खाली जाते.

२०२४ च्या मार्चमध्ये निराळेच प्रकरण उद्भवले. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च रोजी सर्व राज्यांना पत्र धाडले आणि तेवीस जातींची कुत्री माणसाच्या जिवास धोकादायक ठरवून त्यांची आयात, पैदास व विक्री बंद करावी, जी आधीच घरांत आहेत त्यांची नसबंदी करावी, असे सांगितले. यादीत पिट बुल टेरियर होता, रॉटवायलर होता. त्यांबरोबर ‘टेरियर्स’ असा मोघम शब्दही होता. बुल टेरियर आणि पिट बुल या दोन निरनिराळ्या जाती आहेत; पण मोघम शब्दापुढे हा भेद कोण पाहतो? कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्येच ते पत्र रद्द ठरविले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढण्यात आले, हा त्यातील मुख्य दोष होता. परंतु रद्द झाल्याची बातमी आमच्या इमारतीच्या जिन्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी यादी पोहोचली होती. शेजारपाजारच्या लोकांना दोष देण्याचे कारण नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत याच शहरात, अंबरपेठेत, चार वर्षांच्या मुलाचा भटक्या कुत्र्यांनी बळी घेतला होता आणि ते दृश्य घरोघरी लोकांनी पाहिले होते. ज्यांची लहान मुले आमच्या दारावरून शाळेत जातात, त्यांनी भिऊ नये असे म्हणणे निर्दयपणाचे झाले असते.

आणि नेमके त्याच एप्रिलमध्ये मोत्याने आमच्या सात वर्षांच्या नातवाच्या मनगटास दात लावला. दुपारी तो शहाबादी फरशीवर झोपला होता. नातवाने प्रेमानेच मागून जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. मोत्या झोपेतून उसळला आणि पाहण्याआधीच त्याने तोंड मारले. रक्त आले. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली, लगोलग डॉक्टरांकडे नेले. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली होती, तरीही डॉक्टरांनी मुलाला इंजेक्शने सुरू केली आणि तेच योग्य होते. याबाबतीत कोणीही ‘घरचाच कुत्रा आहे’ म्हणून थांबू नये. घरी परतल्यावर नातू रडत होता तो दुखते म्हणून नव्हे, तर मोत्याला आता घालवून देणार हे त्याने आमच्या चेहऱ्यांवर वाचले म्हणून. आम्ही खरोखरच तसे ठरविले होते. शहराबाहेर शेतघर असलेल्या एका परिचितांना दूरध्वनीही झाला होता.

मातोश्री कोपऱ्यात बसून सारे पाहत होत्या. गेली काही वर्षे त्या कानाला यंत्र लावतात. त्या म्हणाल्या, “अरे, याला माझ्यासारखेच झालेले दिसते. मी पाठमोरी असले आणि यंत्र काढलेले असले की तुम्ही म्हणता, आई लक्ष देत नाही.” मग त्यांनी सांगितले की बिस्किटांचा डबा त्यांनी समोर धरला की तो येतो, पण पाठीमागे कितीही खुळखुळविला तरी कान हलवीत नाही. त्यांनी हे पुष्कळ दिवसांपूर्वी टिपले होते. मग बोलल्या का नाहीत? “तुम्ही पुस्तके वाचलेली माणसे.” एवढेच उत्तर मिळाले.

त्या रात्री मोत्या झोपल्यावर आम्ही दाराआडून स्टीलचे ताट पळीने वाजविले. शेजारचे जागे झाले, मोत्या नाही. दुसऱ्या दिवशी त्याला नारायणगुड्याच्या सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी पाठीमागून, बाजूने, निरनिराळ्या आवाजांनी पाहिले आणि सांगितले की दोन्ही कानांनी पूर्ण बहिरा आहे, आणि जन्मापासूनचा आहे. असे कुत्रे हवेचा झोत, जमिनीचा कंप, सावली यांवरून इतके काही ओळखतात की घरातील माणसांना वर्ष-वर्ष पत्ता लागत नाही; फसणारे आम्ही पहिले नव्हतो. निश्चित परीक्षा हवी असेल तर डोक्याच्या कातडीत बारीक सुया टोचून, ध्वनी दिल्यावर मेंदूकडे जाणारे विद्युत्‌संदेश यंत्राने मोजतात. एकाच कानाचा बहिरेपणा तर त्यावाचून कळतच नाही.

याचे कारण ऐकण्यासारखे आहे. कातडीला आणि केसांना रंग देणाऱ्या पेशी अंतर्कर्णातही असतात, आणि तेथे त्यांचे काम रंगाचे नसून ऐकण्याच्या इंद्रियाला जिवंत ठेवण्याचे असते. ज्या कुत्र्यांत पांढऱ्या रंगाचा अंमल फार, त्यांच्यापैकी काहींच्या कानात या पेशी पोहोचतच नाहीत. मग पिल्लू तीन-चार आठवड्यांचे होते न होते तोच आतला रक्तपुरवठा खुंटतो आणि ऐकण्याच्या सूक्ष्म पेशी मरून जातात. डाल्मेशियनमध्येही हेच आढळते. अमेरिकेत झालेल्या तपासण्यांत पांढऱ्या बुल टेरियरांपैकी सुमारे वीस टक्के एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले. रंगीत बुल टेरियरांत हे प्रमाण शंभरात एक-दोन इतकेच. हिंक्सला पांढरा कुत्रा हवा होता. तो त्याला मिळाला. ज्यांना हे पिल्लू घ्यावयाचे आहे त्यांनी निदान सहा आठवड्यांचे झाल्यावर ते पाठमोरे असताना टाळी, किल्ल्या, कागदाचा चुरगळा अशा आवाजांनी पारखून पाहावे. पायाने जमीन हादरवू नये आणि हाताचा वारा लागू देऊ नये. बहिऱ्या कुत्र्याची पैदास करू नये हे ओघानेच आले. मोत्याची नसबंदी त्याच उन्हाळ्यात करून घेतली, त्यासाठी सरकारी पत्राची गरज नव्हती.

शेतघराचा बेत रद्द झाला आणि आमचे शिक्षण सुरू झाले. वाक्यरचना चुकलेली नाही. शिकावयाचे आम्हाला होते. हात छातीकडे ओढला म्हणजे ‘ये’. तळवा खाली दाबला म्हणजे ‘बस’. अंगठा वर म्हणजे ‘शाबास’. तर्जनी आडवी हलविली म्हणजे आपल्या हैदराबादी भाषेत ‘नक्को’. प्रत्येक वेळी घरातील सर्वांनी तीच खूण करावयाची. एकाने एक, दुसऱ्याने दुसरी, असे झाले की जनावराचा गोंधळ उडतो. खूण बरोबर पाळली की लगेच तोंडात एक लहानसा घास. ज्या कुत्र्याला आम्ही पंधरा महिने हट्टी म्हणत होतो, तो पाच दिवसांत चारही खुणा शिकला. मातोश्रींनी स्वतःची एक खूण काढली. बोटे जुळवून ओठांकडे नेली म्हणजे जेवण. ही त्याला एकाच दिवसात समजली. लक्ष वेधण्यासाठी आरंभी आम्ही जमिनीवर पाय आपटीत असू. तेव्हा खालच्या मजल्यावरील गृहस्थ वर येऊन, पापड कुटण्याचे काम घरी घेतले आहे काय, असे नम्रपणे विचारून गेले. मग दिव्याची उघडझाप करण्याची युक्ती काढली.

झोपेचा प्रश्न मात्र सर्वांत कठीण होता, कारण तेथे आमची जुनी चूक आडवी येत होती. डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज आठ-दहा वेळा, तो जागा असताना, मागून जाऊन एकाच ठिकाणी, डाव्या खांद्यावर, हलकेच बोट टेकवावे आणि तो वळताच खाऊ द्यावा, असे सुरू केले. मग तो पेंगत असताना. मग झोपलेला असताना, आधी नाकाजवळ तळहात धरून, वास पोहोचू देऊन. मागून येणारा हात मारण्यासाठी येत नाही, हे त्याच्या मनात पुन्हा भरविण्यास चार महिने लागले. नातवाने हे काम आमच्याहून अधिक चिकाटीने केले; पण घरातील मोठे माणूस जवळ असल्यावाचून त्याला ते करू दिले नाही. लहान मूल आणि बुल टेरियर यांना एकत्र सोडून स्वयंपाकघरात जाणे, मग कुत्रा ऐकणारा असो की बहिरा, आम्ही तरी शहाणपणाचे मानीत नाही. द्वेषाने नव्हे, प्रेमाने धडक दिली तरी तीस किलोंचे ओझे अंगावर येते. आणि बाहेर नेताना तर पट्टा क्षणभरही सोडता येत नाही. मोटारीचा भोंगा त्याच्यासाठी नाहीच. गळ्यातील पट्ट्यावर ‘मी बहिरा आहे’ असे तेलुगू आणि इंग्रजीत लिहिलेली पितळी पट्टी अडकविली आहे. तिचा अनपेक्षित लाभ असा झाला की इमारतीतील भिणारी मुले आता त्याला खुणा करून दाखवितात.

आता इतर निगेविषयी. हा कुत्रा थंड देशाचा आणि हैदराबादचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जाणारा. घामाने अंग थंड करण्याची सोय कुत्र्याला जवळजवळ नाही. धापा टाकूनच तो उष्णता बाहेर टाकतो. उन्हाळ्यात आम्ही पहाटे साडेपाचला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात जातो आणि आर्ट्स कॉलेजच्या दगडी इमारतीवर ऊन येण्याच्या आत परततो. दुपारी फरशीवर पाणी शिंपडून पंखा लावला की तो समाधानी असतो. जीभ लांब बाहेर, लाळ चिकट, चाल अडखळती असे दिसले तर तो उष्माघात समजावा. सावलीत घेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तसेच डॉक्टरांकडे न्यावे. ओले टॉवेल गुंडाळून ठेवू नयेत. त्याने उष्णता आतच कोंडते. पांढऱ्या कुत्र्याची कातडी नाकाजवळ, कानांच्या कडांना आणि पोटाखाली गुलाबी व उघडी असते. तेथे ऊन लागून ती भाजते, आणि वर्षानुवर्षे असे झाल्यास कर्करोगाचे भय असते. गॅलरीत पोट वर करून उन्हात झोपण्याची मोत्याची आवड म्हणून मोडून काढावी लागली.

आहाराच्या बाबतीत आमच्यासारख्या शाकाहारी घरांची अडचण होते. केवळ वरणभातावर एवढे स्नायू पोसले जात नाहीत. आम्ही तडजोड केली आहे. बाजारातील तयार कोरडे खाद्य, जोडीला उकडलेली अंडी, उन्हाळ्यात दहीभात. अंडी गॅलरीतील वेगळ्या शेगडीवर उकडतात. खरे संकट सणासुदीला. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा, चिवडा, करंजीचे सारण या सर्वांत बेदाणे असतात, आणि द्राक्षे-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासमान आहेत. थोड्या प्रमाणातही ते घातक ठरू शकतात. कांदा रक्तातील तांबड्या पेशी नासवितो आणि चॉकलेटही वर्ज्य. पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवावे, कारण प्रसाद नाकारू नये या भावनेने ते हळूच ताटाखालून देतात. बुल टेरियरच्या कुळात मूत्रपिंडाचे आनुवंशिक विकार आहेत, म्हणून इतर कुत्र्यांहून याला अधिक जपावे लागते. वर्षातून एकदा लघवीतील प्रथिनांची तपासणी करावी. रोग बाहेर दिसू लागेपर्यंत पुष्कळ नुकसान झालेले असते.

पावसाळ्यात आणि नंतरही गोचीड हा आपल्या भागातील मोठा शत्रू. तिच्या दंशाने येणारा ताप कुत्र्याचे रक्त शोषून टाकतो. फिरून आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या आणि पट्ट्याखालची मान पाहण्याची सवयच ठेवावी. पांढऱ्या अंगावर गोचीड चटकन दिसते, तेवढा एक हिंक्सचा उपकार. या जातीच्या कातडीला खाज व पुरळ यांची प्रवृत्ती असते, म्हणून वरचेवर आंघोळ घालू नये. तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. नाहीतर ओल्या फडक्याने पुसावे. जबडा असा की रबराचा साधा चेंडू चार मिनिटांत नाहीसा होतो आणि त्याचे तुकडे पोटात जाऊन आतडे अडते. पायमोजे गिळून शस्त्रक्रियेची पाळी आलेली कुत्री डॉक्टरांना नवी नाहीत.

आणखी एक गोष्ट हसण्यावारी नेली जाते. काही बुल टेरियर आपल्याच शेपटीमागे गोल गोल फिरू लागतात. घरातील मंडळी टाळ्या वाजवितात, चित्रफिती काढतात. प्रसंगी दोन-चार गिरक्या घेणे निराळे. पण खाणे टाकून, हाक-खूण न मानता अर्धा-अर्धा तास असे चालले तर तो खेळ नसून मेंदूचा विकार आहे. त्यावर औषध आहे, आणि ते लवकर सुरू करणे बरे. सकाळ-संध्याकाळ मिळून दीड तास चालणे आणि डोक्याला काही काम देणे, हे त्यावर उपयोगी पडते असे आमच्या डॉक्टरांचे मत. मोत्यासाठी नातू कोरडे खाद्य घरभर लपवितो आणि तो नाकाने शोधून काढतो. नाक मात्र विलक्षण तिखट आहे.

एवढे वाचून कोणाला हा कुत्रा आणावासा वाटला तर आम्ही स्पष्टच विचारू. नवरा-बायको दोघेही नोकरीला, घर दिवसभर बंद, अशी स्थिती असेल तर आणू नये. घरात आधीच एखादा नर कुत्रा असेल तर दहा वेळा विचार करावा, कारण माणसांशी लोण्यासारखा असणारा हा प्राणी दुसऱ्या नराशी झुंजीचे जुने वैर उकरून काढतो. पहिल्यांदाच कुत्रा पाळणारांनी सोपी जात निवडावी; आपल्याकडचे देशी पिल्लू उत्तम, त्याला इथले ऊनही सोसते. आयुष्य दहा-बारा वर्षांचे. तेवढी वर्षे कोणाचे तरी अंग त्याच्या अंगाला लागलेले हवे. महानगरपालिकेचा परवाना आणि रेबीजची वार्षिक लस यांची कागदपत्रे एका पाकिटात दाराजवळच ठेवावीत. आमच्या इमारतीच्या चिटणिसांनी ती पाहिल्यावर जिन्यातील चर्चा पुष्कळशी थंडावली.

दिव्याच्या खुणेविषयी सांगावयाचे राहिले. दोनदा उघडझाप म्हणजे ‘आत ये, जेवण तयार आहे’, असे आम्ही ठरविले. मृगाचा पाऊस सुरू झाला की आमच्या भागात वीज संध्याकाळी दोन-तीन वेळा तरी जाते आणि येते. दिवे लुकलुकले की मोत्या असेल तेथून उठतो, मातोश्रींच्या खुर्चीपुढे येऊन ताठ बसतो आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहतो. डॉक्टरांनी वजन उतरविण्यास सांगितले आहे, हे आम्ही त्यांना वारंवार बजावतो. त्या प्रत्येक वेळी भाकरीचा एक तुकडा मोडून त्याला देतात आणि म्हणतात, “दिव्याने बोलावले ना त्याला? मग आता नाही कसे म्हणायचे?”